थेऊरचा शेवट आधीच ठाऊक असताना

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार.

ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्या मनाला का भिडतात, या माझ्या लेखावर आपण लिहिलेली सविस्तर प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. पहिल्या वाचनात थोडा राग आला, हे कबूल करते; दुसऱ्या वाचनात आपले निदान एक म्हणणे मला मान्य करावे लागेल, हे ध्यानात आले. आपला पहिला आक्षेप असा, की या कादंबऱ्यांतल्या भावना आजच्याच असतात, त्यांना शेला-पागोटे तेवढे चढवलेले असते. दुसरा असा, की वाचकाला, आणि आपल्या शब्दांत ‘विशेषतः वाचक भगिनींना’, इतिहास कळण्याऐवजी रडण्याची सवय लागते. तिसरा माधवराव पेशव्यांच्या पत्नी रमाबाई थेऊरला सती गेल्या, त्या सहगमनाविषयी आहे. तो सर्वांत जड असल्यामुळे त्याकडे शेवटी येते.

दुसऱ्याचे उत्तर थोडक्यात देता येईल. रडणे आणि कळणे यांचे नाते सवतीचे आहे, असे मला वाटत नाही. साताऱ्यात आम्ही ज्या वाड्यात बिऱ्हाड करून होतो, तिथले एक निवृत्त तलाठी माधवरावांच्या आजारपणाची प्रकरणे वाचताना चष्मा पुसत बसत, आणि राक्षसभुवनच्या लढाईबद्दल त्यांच्याइतके नेमके बोलणारा माणूस आमच्या आळीत दुसरा नव्हता. भगिनींचे म्हणाल, तर त्या रडताना दिसतात आणि पुरुष पुस्तक तोंडासमोर धरतात, एवढाच फरक मला आजवर आढळला आहे.

पहिला आक्षेप मात्र विचार करायला लावणारा आहे, कारण तो अर्धा खरा आहे. नवरा-बायको एकांतात बसून एकमेकांच्या मनाचा ठाव घेत बोलत आहेत, असे जे संवाद या कादंबऱ्यांत पानेच्या पाने येतात, त्यांची घडण विसाव्या शतकातली आहे, यात शंका नाही. पण भावनाच आजच्या, असे म्हणताना आपण जुन्या कागदांवर अन्याय करता. बाजीराव-मस्तानी प्रकरणात पुण्याच्या मंडळींनी मस्तानीला अटकेत ठेवले होते, तेव्हा १७४०च्या आरंभी आपल्या याच साताऱ्याहून चिटणिसांनी शाहू महाराजांचे मत कळवले, की तिच्यावर सक्ती करून बाजीरावांचे मन दुखवू नये. लक्षात घ्या, लिहिणारा कवी नव्हता, आणि ज्याचे मत कळवले जात होते तो छत्रपती होता. फौज, वसुली आणि कर्ज यांच्या हिशेबांनी भरलेल्या दप्तरात एका माणसाच्या मनाची दखल राजकारणाचा भाग म्हणून घेतली गेली, आणि तीन महिन्यांनी, २८ एप्रिल १७४० रोजी, तो माणूस नर्मदाकाठी रावेरखेडीला वारला. त्यानंतर थोड्याच काळात मस्तानीही गेली. पाबळला तिची कबर आहे. काशीबाईंना या सगळ्यात काय वाटले, ते कुठल्या कागदाने आपल्याला सांगावे? दप्तर सदरेवर तयार होत असे, माजघरात नव्हे. कादंबरीकार शिरतो तो तिथे, आणि त्याच्या हातून चुका होतात त्याही तिथेच.

हे संवाद खोटे असूनही वाचकाला खरे का वाटले, याचे एक कारण मी मूळ लेखात लिहायला हवे होते. माधवराव-रमाबाईंवरची ‘स्वामी’ ही कादंबरी १९६२ साली प्रसिद्ध झाली. तेव्हाच्या एकत्र कुटुंबांत चारचौघांत नवऱ्याचे नाव घेणेही अवघड, मग त्याच्याशी मोकळेपणी दोन शब्द बोलणे दूरच. स्वयंपाकघरापासून ओटीपर्यंत सतत कुणाची तरी नजर. शनिवारवाड्यातही माणसांचा असाच राबता, वडीलधाऱ्यांचा असाच धाक आणि नवऱ्यामागे कामाचा असाच ससेमिरा, हे वाचणाऱ्या बाईला त्यात पेशवाई जितकी दिसली असेल, तितकेच स्वतःचे घरही दिसले असेल. आजच्या भावना जुन्या काळाला चिकटवल्या, असे आपण म्हणता. मला वाटते, त्या वाचकांच्या घरांत तो जुना काळ अजून पुरता सरलेलाच नव्हता.

आता माझ्या लेखाचा जो गाभा होता, आणि ज्याला आपण ‘अश्रूंची हमी’ म्हणून बाजूला सारले, त्याबद्दल. काल्पनिक प्रेमकथा वाचताना दोघे एकत्र येतील की नाही, ही धाकधूक आपल्याला पुढे नेते. माधवरावांची कथा उघडणाऱ्या मराठी वाचकाला तशी धाकधूक नसते. सोळाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रे मिळालेला हा मुलगा सत्ताविसाव्या वर्षी, १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, थेऊरला क्षयाने जाणार, हे त्याला शाळेपासून माहीत असते. ते कथेतल्या पात्रांना मात्र माहीत नसते. म्हणून मोहिमेवर निघताना ‘आल्यावर सवडीने बोलू’ अशा अर्थाचे एखादे साधे वाक्य आले, की वाचक मनातल्या मनात उरलेली वर्षे मोजतो. पात्रांपेक्षा अधिक जाणणे आणि तरीही त्यांना काही सांगता न येणे, या अवघडलेपणातून जी माया उपजते, ती मला या प्रकारच्या लेखनाचे खरे बळ वाटते. आपल्याकडे ही सवय जुनीच आहे. हरिश्चंद्र-तारामतीचे आख्यान लावलेल्या कीर्तनाला बसलेल्या एकाही श्रोत्याला शेवट नवा नसे. तरी बुवा डोंबाच्या घरापर्यंत आले, की मांडवात सगळे चिडीचूप होत.

कागदपत्रांचा आग्रह धरणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. मीही त्यांच्यातलीच एक. वाचनालयातून आणलेल्या अशाच एका कादंबरीच्या समासात एका वाचकाने पेन्सिलीने लिहिले होते, ‘हे कोणत्या कागदात आहे?’ त्याखाली निराळ्या अक्षरात उत्तर होते, ‘कोणत्याच नाही. पुढे वाचा.’ वाचनालयाच्या पुस्तकावर लिहू नये, हे खरेच. पण त्या दुसऱ्या वाचकाने माझ्या लेखाचे निम्मे काम दोन वाक्यांत केले होते.

राहिला सहगमनाचा प्रश्न. आपण लिहिले आहे, की साताऱ्याजवळच्या माहुलीच्या घाटावर लहानपण गेलेल्या माणसाला चितेवर चढणारी स्त्री प्रेमाची परिसीमा म्हणून दाखवलेली सहन होत नाही. याला माझ्यापाशी उत्तर नाही, आणि ते शोधण्याचा खटाटोपही मी करणार नाही. शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजी वारले आणि त्यांच्या राणी सकवारबाई माहुलीला सती गेल्या, हे आपणास सांगायला नको. साताऱ्याच्या रेसिडेंटपदी राहिलेल्या ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या इतिहासात त्याची जी हकीकत दिली आहे, तीत प्रेमाचा मागमूस नाही: कारस्थान लपवण्यासाठी बाईंनी सती जाण्याची भाषा केली, आणि पेशव्यांनी त्यांच्या भावाला घराण्याच्या अब्रूची आठवण करून देऊन ती भाषा त्यांच्याच गळ्यात बांधली. डफचा प्रत्येक शब्द प्रमाण मानण्याचे कारण नाही, पण थेऊर आणि माहुली यांच्यात तेवीस वर्षांचे अंतर आहे आणि चाल एकच आहे. एका चितेवर आपण कादंबऱ्या लिहिल्या, दुसरीकडे पाठ फिरवली. शेवट ठाऊक असल्याने वाचकाच्या मनात माया दाटते, असे मी वर म्हटले. त्याच मायेच्या भरात तो शेवट कुणी, कसा घडवून आणला, हे विचारायचे राहून जाते, आणि माझ्याकडून ते राहिलेच. रमाबाईंच्या मनात काय होते, हे मला ठाऊक असल्यासारखे मी लिहिले. मूळ लेखात थेऊरच्या त्या प्रसंगाला मी ‘मंगल’ असे विशेषण लावले होते. ते आज सकाळी काढून टाकले आहे, आणि त्या जागी दुसरे विशेषण घातलेले नाही.

आपली नम्र,
लेखिका, सातारा