पोरगं निळं पडत नाही, म्हणून सगळं ठीक?

आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधलं छिद्र ग्रहण न पाळल्यानं पडतं, पोर वाढेल तसं आपोआप बुजतं, पोर निळं पडत नसेल तर धोका नाही, अर्जुनसालीचा काढा द्या, डॉक्टर उगाच छाती फाडतात. तासगावातल्या तिघांनी मला तो पाठवला, कारण आमच्या थोरलीच्या हार्टला होल होतं हे सगळ्यांना माहीत आहे.

ग्रहणाचं आधी उरकतो. या दोन कप्प्यांमधला पडदा तयार होतो तो गर्भाच्या पहिल्या दोनेक महिन्यांत. सातव्या महिन्यात ग्रहणात भाजी चिरली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्यांनी महिने मोजावेत.

"आपोआप बुजतं" हे अर्धं खरं आहे, आणि तिथंच माणूस फसतो. पडद्याच्या मधोमध असलेलं तीन-चार मिलिमीटरचं छिद्र लहानपणी बहुधा बुजतं. आठ-दहाच्या वरचं क्वचितच. अगदी खाली झडपांजवळ असलेलं तर नाहीच. थोरलीचं १४ होतं. अंगणवाडीच्या तपासणीत डॉक्टरांना ठोक्यात वेगळा आवाज आला, पण कुणीतरी "बुजेल हो" म्हणालं आणि आम्ही दोन वर्षं टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, परत केलाच नाही. चूक आमचीच.

आणि ती निळी पडणार तरी कशी? डाव्या कप्प्यात दाब जास्त, त्यामुळे शुद्ध रक्तच उजवीकडे शिरतं. पोरगी मैदानभर पळायची. पण मिरजेला इको करताना स्क्रीनवर पडद्यातून लाल झोत जाताना दिसला, आणि उजवी बाजू चांगलीच फुगलेली. असं हृदय वर्षानुवर्षं ओझं वाहतं, मग तिशी-चाळिशीत धाप लागते, ठोके बिघडतात. काहींच्या फुफ्फुसातला दाब इतका वाढतो की रक्त उलटं वाहू लागतं. निळेपणा येतो तो तेव्हा, आणि मग छिद्र बंदही करता येत नाही. बैल गेला नि झोपा केला!

काढ्यानं पडदा उगवत नाही. पुढे.

छातीचं म्हणाल, तर १९५३ साली हार्ट-लंग मशीन (ऑपरेशन चालू असताना हृदय-फुफ्फुसांचं काम करणारं यंत्र) लावून पहिली यशस्वी शस्त्रक्रिया झाली ती याच छिद्राची. आता मधोमध असलेल्या आणि चहूबाजूंनी पुरेशी कड असलेल्या छिद्राला मांडीच्या शिरेतून तारेच्या जाळीची छत्री बसवतात. काही महिन्यांत तिच्यावर आतलं अस्तर चढतं. थोरलीच्या जांघेत सुईएवढी खूण आहे, तीही शोधावी लागते. कड नसेल किंवा छिद्र झडपांजवळ असेल तर मात्र ऑपरेशनच लागतं. तिथं डॉक्टरांवर संशय घेण्यात अर्थ नाही.

मेसेज पाठवणाऱ्यांपैकी एका काकांच्या नातवाला नुकतंच सहा मिलिमीटरचं छिद्र निघालंय. त्यांना विचारलं, "पुढचा इको कधी सांगितलाय?" आठवेना. चहा तसाच ठेवून ते कागद शोधायला आत गेले.