ह्ये काय, हितंच!

रतनवाडीत अमृतेश्वराच्या देवळासमोर उभं राहून कुणालाही विचारा, "मामा, रतनगड किती लांब?" मामा तंबाखू मळायचं थांबवत नाहीत. हनुवटीनंच डोंगर दाखवतात आणि म्हणतात, "ह्ये काय, हितंच!"

मामा खोटं बोलत नाहीत, हे आधी सांगून टाकतो. गुरांमागं वर जाऊन सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन खाली येणाऱ्या माणसाला गड हितंच असतो. घोळ ऐकणाऱ्याकडे होतो. तो बाटलीतलं अर्धं पाणी तोंडावर मारतो, "मग काय, तासाभरात वर!" म्हणतो आणि खाण्याची पिशवी गाडीतच ठेवून निघतो. पुढचा सगळा छळ त्या पिशवीपासून सुरू होतो.

म्हणून मी 'हितंच'चा हिशेब मांडून ठेवलाय. रतनगडाची उंची १२९७ मीटर. रतनवाडी भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या शेजाराला, म्हणजे आधीच बरीच उंचावर, त्यामुळे प्रत्यक्ष चढ पाचशे-साडेपाचशे मीटरचा. विल्यम नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली एक सोपं गणित सांगितलं, ते अजून चालतं: सपाटीवर दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला वर आणखी एक तास. वाट चार-पाच किलोमीटरची धरली तर साहेब पावणेदोन-दोन तासांत वर. पण साहेबांच्या गणितात सेल्फी नाही, शिडीखालची रविवारची रांग नाही आणि दर वळणावर "थांबा रे, लेस सुटलीय" म्हणणारा मेंबरही नाही. (लेस सुटलेली नसते. दम लागलेला असतो.) हे सगळं धरलं की चढायला तीन तास, वर हिंडायला दोन, उतरायला अडीच. झाले साडेसात. पावसाळ्यात त्यावर तासभर. म्हणून सकाळी सातला निघा, माणशी तीन लिटर पाणी घ्या आणि ती पिशवी गाडीतून काढा.

'हितंच' हे सगळ्यात छोटं माप. त्याहून मोठं 'त्या टेपाच्या पल्याड'. यात टेप, म्हणजे टेकाड, एकच असेल अशी हमी नसते. 'थोडं वर' म्हणजे उभा चढ. आणि 'नाकासमोर जा' ही सूचना सगळ्यात घातक, कारण डोंगरात नाकासमोर बहुधा कडा असतो. वरून उतरणारी मंडळीही मदतीची नाहीत. "आलंच, दहा मिनिटं!" असं ती चढणाऱ्याला सांगतात, ते निव्वळ माणुसकीपोटी. त्या दहा मिनिटांवर विसंबून कुणी पाणी संपवू नये.

खरी परीक्षा वाट ओळखण्याची. सुरुवातीला प्रवरेचं पात्र ओलांडावं लागतं. नदीचा उगम याच डोंगरात, म्हणून इथं ती अगदी लहान, उड्या मारत येणारी. पण जुलैच्या एका जोरदार सरीनंतर हीच पोर कमरेला लागते. पुढं रानात वाटेला फाटा फुटतो. एक वाट गडाकडे आणि दुसरी कात्राबाईच्या खिंडीतून थेट हरिश्चंद्रगडाच्या दिशेला. दोन्ही तितक्याच मळलेल्या, दोन्ही तितक्याच लाघवी. चुकीच्या वाटेवर आपण झपाझप चालतो, कारण ती बऱ्याचदा सोपी असते.

त्यातून ढोरवाटा. गुरांना शिखराचं आकर्षण नसतं, गवताचं असतं. त्यामुळे ढोरवाट उताराला आडवी, जवळजवळ सपाटीनं जाते, मग तिला तीन फाटे फुटतात आणि तिन्ही गवतात विरघळतात. ओळखायची खूण अशी: जमिनीकडे बघू नका, फांद्यांकडे बघा. गाय कितीही मोठी झाली तरी छातीएवढी. म्हणून ढोरवाटेवर खाली मोकळं आणि वर फांद्या तोंडावर आपटतात. माणसांच्या वाटेवर डोक्याच्या उंचीपर्यंत झाडी तुटलेली असते, कातळावर बुटांनी घासून पांढुरके पट्टे पडलेले असतात, अधूनमधून कुणी दगडांची लगोरी रचून ठेवलेली असते. बिस्किटांचे कागदही असतात, पण त्यांना खूण म्हणायला माझी जीभ वळत नाही.

ढोरवाटेनं फार तर तासभर वाया जातो. सुका ओढा मात्र माणूस अडकवतो. दोन्ही बाजूंना झाडी, मधून छान मोकळी, दगडांची जणू पायरीच; ही वाट नव्हे असं म्हणवतच नाही. दगड धुतल्यासारखे स्वच्छ आणि गोलसर दिसले, त्यांच्यावर मातीचा कण नसला, तर समजा की इथून पाणी चालतं. पाण्याला कड्यावरून उडी मारता येते. आपण तिथं कोरड्या धबधब्याच्या डोक्यावर उभे राहतो आणि जे खाली उतरताना जमलं ते पुन्हा वर चढताना जमत नाही. नियम एकच: दहा मिनिटांत एकही खात्रीची खूण दिसली नाही तर शेवटच्या खुणेपर्यंत मागं जायचं. हा नियम सगळ्यांना पाठ असतो. पाळत कुणी नाही, कारण मागं जायचं म्हणजे चढलेला चढ वाया, आणि मराठी माणसाला वाया घालवणं जमत नाही.

याच सुमारास एखाद्याचा बूट जबडा उघडतो. हे बूट चांगल्या कंपनीचे, महागाचे, तीन वर्षं माळ्यावर खोक्यात जपून ठेवलेले असतात. जपल्यामुळेच मेलेले असतात. पुष्कळ बुटांच्या तळात पॉलियुरेथेनचा थर असतो, तो हवेतला दमटपणा पीत पीत आतून भुसभुशीत होतो. बाहेरून बूट नवाकोरा दिसतो आणि दुसऱ्या तासाला सोल टाचेकडून सुटून टाळ्या वाजवायला लागतो. निघण्याच्या आठवडाभर आधी बूट घालून जिने चढा-उतरा, बाजूनं अंगठ्यानं दाबून बघा. भुगा निघाला तर संपलं. वाटेतच झालं तर सुतळीचे दोन वेढे, एक चवड्याखालून आणि एक घोट्यामागून. म्हणून सॅकच्या खिशात तीन-चार मीटर सुतळी हवीच. ती आणायला सांगितली की लोक हसतात. टाळ्या सुरू झाल्या की कुणी हसत नाही.

शेवटी लोखंडी शिड्या. शिडीवर एका वेळी एकच माणूस, तोंड शिडीकडे, दोन हात आणि दोन पाय यांतले तीन कायम टेकलेले. उतरतानाही तोंड शिडीकडेच. दरीकडे तोंड करून उतरणारे वीर रांगेतल्या बाकीच्यांचा रक्तदाब वाढवतात. हातात मोबाइल नको आणि प्लॅस्टिकची पिशवी तर मुळीच नको. माकडांना पिशवीचा चुरचुर आवाज देवळातल्या घंटेसारखा ऐकू येतो. एका हातात शिडी आणि दुसऱ्यात फरसाण अशा माणसाशी माकडाला फारशी चर्चा करावी लागत नाही.

शिड्या संपल्या की गणेश दरवाजा, पुढं गुहा, आणि गडाच्या माथ्यावर ते प्रसिद्ध नेढं. कातळाला आरपार पडलेलं भोक. हाच आपला पॉइंट. हल्ली डोंगरात प्रत्येक दगडाला पॉइंट म्हणतात, पण नेढ्याचा मान खरा आहे. वारा इतका की टोपी असेल तर हनुवटीखाली दोरी हवी. नसेल तर टोपी कोकणात.

आणि नेढ्यातून दिसतं काय? जुलै-ऑगस्टमध्ये: पांढरं. पूर्ण, एकसारखं, चुना दिलेल्या भिंतीसारखं पांढरं. यात नशिबाचा दोष नाही. समुद्रावरून आलेला दमट वारा कोकणातून बिनबोभाट येतो, घाटमाथ्याच्या भिंतीला थडकतो, वर चढतो, वर थंड होतो आणि त्यातल्या बाष्पाचा तिथल्या तिथं ढग होतो. म्हणजे ढग तयार होण्याची जागा आणि आपण देखावा बघायला उभे राहतो ती जागा, या दोन्ही एकच. पण वाटाड्या हार मानत नाही. तो बोट पांढऱ्यात खुपसतो. "ह्यो अलंग. त्याच्या शेजारी मदन. त्यो कुलंग. आन् तिकडं कळसूबाई." आठ जण मान डोलावतात. एक जण विचारतो, "ते टोकदार दिसतंय तेच का मदन?" काहीही दिसत नसतं. कळसूबाई १६४६ मीटर उंच, महाराष्ट्रातली सगळ्यात उंच, आणि तीही त्या पांढऱ्यात पुरती मावलेली असते. तरी सगळे एकेक करून पांढऱ्या भिंतीपुढे उभे राहून फोटो काढतात. हा फोटो घरच्या गच्चीत चादर वाळत घालून काढता आला असता.

डोंगर बघायचेच असतील तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात या, आणि सकाळी लवकर वर पोचा. सप्टेंबरात सोनकीच्या फुलांनी पठारं पिवळी होतात, पण तेव्हा ढगाशी तडजोड करावी लागते.

उतार सोपा असतो, हे वाक्य न चढलेल्या लोकांचं. पाऊस संपला की वाटेवर मुरमाचे बारीक खडे मोकळे होतात आणि पायाखाली छर्ऱ्यांसारखे गडगडतात. घसाऱ्यावर गुडघे किंचित वाकवून, पावलं तिरकी टाकून, लहान ढांगांनी उतरायचं. मागं रेललात की बसलातच. घसरताना हात आपोआप कारवीच्या झुडपाला जातो. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, बी धरते आणि वाळून जाते. ती वाळकी काठी हातात येते, तीही मुळासकट. धरायचीच तर हिरवी, आणि बुडाशी. आणखी एक: त्र्यंबक दरवाज्यानं पलीकडे उतरायचा मोह झाला तर लक्षात ठेवा, ती वाट साम्रदला जाते आणि तुमची गाडी रतनवाडीत आहे. साम्रदमध्ये विचारलंत की रतनवाडी किती लांब, तर काय उत्तर मिळेल ते आता तुम्हाला ठाऊक आहे.

राहिलं जेवण. चढण्याआधी वाडीत एखाद्या घरी सांगून जायची पद्धत आहे: किती माणसं, किती वाजता. तिथं शहरी माणूस छातीठोकपणे सांगतो, "मावशी, आठ पानं. दोन वाजता हजर." मावशी मान डोलावतात. पिठलं आणि नाचणीची भाकरी ठरते. पण मावशी दोनला चूल पेटवत नाहीत. आपलं माप त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळलेलं असतं. ओढ्यापाशी आरडाओरडा ऐकू आला आणि पोरानं येऊन "आली ती लोकं" म्हणून सांगितलं की मग त्या उठतात. तेव्हा साडेचार झालेले असतात. आठ जण ओसरीवर आडवे होतात, एक जण बुटाची सुतळी सोडत आत डोकावतो. चुलीवर पाणी तापायला ठेवलेलं, पीठ परातीत कोरडंच.

"मावशी, भाकऱ्यांना किती वेळ?"

"ह्ये काय, झाल्याच!"