खरेदी विभागापलीकडचे सहकार्य
कंपन्यांनी नव्या कल्पनांसाठी स्वतःच्या संशोधन विभागाबाहेरही पाहावे, हा अलीकडे एका लेखात वाचलेला मुद्दा मान्य आहे. प्रॉक्टर अँड गॅम्बलने प्रिंगल्सच्या चकत्यांवर चित्रे छापण्याचे तंत्र इटलीतील बोलोन्याच्या एका छोट्या बेकरीकडून मिळवले, हे त्याचे बोलके उदाहरण. मात्र ठाणे-बेलापूर पट्ट्यातील रबाळ्यात मोठ्या कंपन्यांसाठी सुट्या भागांचे जॉबवर्क करणारा म्हणून थोडी भर घालावीशी वाटते. ड्रॉइंगमधील एखादा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) विनाकारण कडक आहे, तो जरा सैल केल्यास ग्राइंडिंगची (घासून अचूक माप आणण्याची) अख्खी पायरी वाचेल, हे मशीनवरच्या कारागिराला पहिल्या काही नगांतच कळते. पण आमची गाठ पडते ती कंपनीच्या खरेदी विभागाशी, आणि तिथे (बहुधा नाइलाजाने) फक्त दर विचारला जातो. डिझाइन करणारा अभियंता अधूनमधून आमच्या शॉपफ्लोअरवर, म्हणजे मशीनपाशी आला, तरी दोन्ही बाजूंचा खर्च उतरेल. शिवाय २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे लघुउद्योजकाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवे ते बिल जी कंपनी महिनोन्महिने रखडवते, तिला पुरवठादार आपली युक्ती आपणहून कशाला सांगेल?