घरी अर्ध्यात होतं

चूक तुळशीबागेतच झाली. दसरा होऊन तीनच दिवस झालेले, बायको खणाच्या कापडाचं तोरण हातात धरून उभी, दुकानदार म्हणाला साडेचारशे, आणि मी, ज्याला आजवर शर्टाचं बटण लावता आलेलं नाही तो मी, मोठ्याने बोलून गेलो की साडेचारशे? नऊ पानं आणि चार मणी? हे घरी अर्ध्यात होतं. दुकानदार नुसता हसला. बायकोने तोरण शांतपणे जागेवर ठेवलं आणि म्हणाली, "बरं, मग वसुबारसेपर्यंत कर." लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर तरी माणसाला कळायला हवं की "बरं" हा शब्द किती डेंजर असतो.

माझा हिशोब असा होता की कापड तर फुकटच आहे. आमच्या कपाटात ओटीत आलेल्या ब्लाऊजपिसांचा एक गठ्ठा आहे, ते कोणी शिवत नाही, ते फक्त फिरतात. आलेल्या बाईच्या ओटीत, तिथून तिच्या जावेच्या, तिथून अजून कुठे. एक पोपटी पीस तर आमच्याकडून 2019 ला गेला आणि परवाच्या संक्रांतीला हळदीकुंकवातून परत आला, आईने कोपऱ्यातल्या डागावरून ओळखला. तर त्या गठ्ठ्यात तळाशी मला एक मस्त वांगी रंगाचा, बारीक बुट्ट्यांचा खण सापडला, मी तो कापला, आणि मग कळलं की तो गठ्ठ्यातला नव्हताच, वर ठेवायला जागा नाही म्हणून खाली ठेवला होता. खास गुळेदगुडहून मावशीने आणलेला, इरकलवर ब्लाऊज शिवायला जपून ठेवलेला. पुढचे दोन दिवस तोरण हा विषय घरात निघाला नाही. खरंतर कुठलाच विषय निघाला नाही.

कोजागिरीला दूध पिऊन मी शिवायला बसलो. सुया मी 10 नंबरच्या आणलेल्या, कारण माझ्या डोक्यात 10 म्हणजे मोठी, दणकट. सुयांचं उलटं असतं, नंबर वाढला की सुई बारीक होते, हे मला चाळीशीचा चष्मा लावून अर्धा तास भोकात दोरा घालण्याचा प्रयत्न केल्यावर आईने सांगितलं. शिवाय मी भरतकामाच्या लडीचा दोरा अख्खा घालत होतो. त्याला सहा पदर असतात, त्यातले दोन-तीन सोडवून घ्यायचे असतात म्हणे. आई हे सगळं मला आधी सांगू शकली असती, पण ती समोर शेंगा सोलत बघत बसली होती, आणि मला वाटतं ती हा दिवस तीस वर्षं शोधत होती. कारण शाळेत कार्यानुभवाला रुमालावर टाके घालून न्यायचे असायचे, धावदोरा, साखळी टाका, गहूटाका, काजटाका, प्रत्येकाची एक ओळ, आणि माझ्या रुमालाला कायम अ श्रेणी मिळायची. म्हणजे आईला मिळायची.

"मी करून देऊ?" असं ती एकदाच म्हणाली. मी नाही म्हणालो. इगो म्हणजे काय असतो बघा.

आता पान. तोरणाचं पान करायचं म्हणजे दोन तुकडे एकमेकांवर सुलट बाजू आत करून ठेवायचे, कडेने टीप मारायची, वरची बाजू उघडी सोडायची आणि तिथून ते मोज्यासारखं सुलटं करायचं. पहिलं पान मी सुलट बाजू बाहेर ठेवूनच शिवलं, दुसऱ्याची उघडी बाजूच शिवून टाकली, तिसरं बरोबर झालं पण टोक काही बाहेर येईना. पेन्सिल खुपसली, पेन्सिल पलीकडून बाहेर आली. चौथ्याचं टोक आलं पण गोल आलं, मुलगी म्हणाली बाबा जीभ छान झालीये. खणाचं एक वाईट म्हणजे जरा उसवलं की कडेचे दोरे सुटत जातात, त्यामुळे मी जितक्या वेळा चूक दुरुस्त केली तितकं पान लहान होत गेलं.

आणि मध्ये एक दिवस सुई हरवली. सोफ्याच्या आसपास कुठेतरी. संध्याकाळभर सगळं घर चपला घालून फिरत होतं, कोणी बसेना, शेवटी मी फ्रिजवरचं गणपतीपुळ्याचं मॅग्नेट काढून गालिच्यावरून फिरवलं आणि तीन सुया सापडल्या. माझी एकच हरवली होती. बाकीच्या दोन कधीपासून तिथे होत्या आणि आम्ही इतकी वर्षं तिथे लोळून टीव्ही कसा बघत होतो देव जाणे.

पण खरा घोळ गणिताचा. दरवाजा 36 इंच, पानं नऊ, म्हणून प्रत्येक पान चार इंच रुंद कापलं, इंजिनियर आहे मी. सगळी पानं शेजारी शेजारी मांडली तर 27 इंच. दोनदा मोजलं. मग आई शेंगांवरून नजर न काढता म्हणाली, "अर्धा इंच या बाजूने, अर्धा इंच त्या बाजूने, शिलाईत कापड जातं रे." नऊ पानांचे नऊ इंच गेले होते! आता अजून तीन पानं हवीत आणि खण संपलेला. मग ती तीन मुलीच्या जुन्या युनिफॉर्मच्या निळ्या चेक्सच्या पिनाफोरमधून काढली आणि मुद्दाम केल्यासारखी बरोबर मध्ये लावली. गोंडे मात्र झकास जमले, पत्त्याच्या कॅटमधल्या जोकरवर दोरा गुंडाळायचा, वर गाठ, खाली कात्री. त्या आनंदात मी अकरा गोंडे केले, हवे होते दोन.

कापडाची कात्री, बकरम, लड्या, मणी, जाड सुया असे अकराशे चाळीस झाले. बायकोला नवीन खण घेऊन दिला तो वेगळा, त्याचा आकडा इथे लिहीत नाही.

वसुबारसेला दुपारी तोरण लागलं. थोडं डावीकडे झुकतं, पण लागलं. संध्याकाळी समोरच्या काकू फराळाच्या पिठाचा डबा परत द्यायला आल्या, दारातच थांबल्या, चष्मा वर करून मधली चेक्सची पानं बघत म्हणाल्या, "हे मधलं काय सुंदर आहे हो! कुठून आणलंत?"

आतून बायको ऐकत होती. मी म्हणालो, "तुळशीबागेतून. साडेचारशे."

"साडेचारशे?" काकू म्हणाल्या. "फसवलं तुम्हाला. हे घरी अर्ध्यात होतं." आणि माझं तोंड बघून त्यांना बहुतेक दया आली असावी, कारण त्या चपला काढत आत आल्या आणि म्हणाल्या, "सुईदोरा आहे का घरात? थांबा, दाखवते."