'सी'ची रेघ तुमच्या थुंकीची हमी देत नाही

कोविडच्या लाळेवरच्या रॅपिड टेस्टच्या पट्टीवर दोन रेघांची जागा असते: 'सी' म्हणजे कंट्रोलची, 'टी' म्हणजे संसर्ग दाखवणारी. 'सी'ची रेघ उमटली की लोक खूश. "टेस्ट बरोबर झाली, 'टी' नाही, चला आजीकडे!" अहो, 'सी'ची रेघ एवढंच सांगते की द्रव पट्टीच्या टोकापर्यंत गेला आणि पट्टीवरची अँटिबॉडी शाबूत आहे. त्यात लाळ पुरेशी होती का, हे तिला कळत नाही. नुसतं बफर (किटमधला द्रव) टाकलंत तरी ती सहसा उमटते.

खरा घोळ नमुन्यात होतो. टेस्टआधी अर्धा तास चहा, मिसळ, तंबाखू, माउथवॉश सगळं बंद. कोल्ड्रिंकसारखं आंबट काही पट्टीवर गेलं तर अँटिबॉडी बिघडून संसर्ग नसतानाही 'टी' उमटू शकते. सकाळी ब्रश करायच्या आधीची लाळ सगळ्यात चांगली. मान पुढे झुकवायची, तोंडात लाळ आपोआप साचू द्यायची आणि ओघळू द्यायची. खाकरून काढलेला बेडका चिकट असतो, पट्टीत अडकतो (किटच्या पत्रकात घशातलीच लाळ मागितली असेल तर गोष्ट वेगळी). फेस आला तर तो बसू द्या, नाहीतर थेंबात निम्मी हवाच जाते. निकाल पत्रकात दिलेल्या वेळेतच बघायचा. तासाभराने कचऱ्याच्या डब्यातून पट्टी काढून 'पुसट रेघ दिसतेय का' हा खेळ नको.

लाळ हा नमुना म्हणून वाईट नाही. पीसीआर या प्रयोगशाळेतल्या टेस्टमध्ये विषाणूच्या जनुकीय तुकड्याच्या असंख्य प्रती बनतात, म्हणून थोडाफार विषाणूही सापडतो. पट्टीत असं काही होत नाही, विषाणूचं जेवढं प्रथिन आलं तेवढंच. त्यामुळे लक्षणांच्या पहिल्या दिवशी निगेटिव्ह आलात तर 48 तासांनी पुन्हा करा.

आता आकडे. कोविडच्या अँटिजेन टेस्टसाठी (म्हणजे अशाच पट्टीसाठी) डब्ल्यूएचओची किमान अट होती संवेदनशीलता (बाधितांपैकी किती सापडतात) 80 टक्के, विशिष्टता (बाधित नसलेल्यांपैकी किती निगेटिव्ह येतात) 97 टक्के. समजा कोथरूडच्या एखाद्या मोठ्या सोसायटीत 1000 जणांची टेस्ट केली आणि त्यात 50 जण खरोखर बाधित आहेत. 40 सापडतील, 10 निसटतील, आणि उरलेल्या 950 मधले 28-29 जण उगाच पॉझिटिव्ह ठरतील. मला ते 28 चालतील, पीसीआरने त्यांचा निकाल लागतो. निसटलेले 10 मात्र गणपतीच्या आरतीला पहिल्या रांगेत असतात.

आणखी एक. 2021 मध्ये आयसीएमआरने मान्यता दिलेलं पुण्याच्या मायलॅबचं कोव्हिसेल्फ हे नाकातल्या स्वॅबचं किट आहे. अशा किटमध्ये थुंकी टाकू नका. ते नाकाच्या नमुन्यावर तपासलेलं असतं, थुंकीवर आलेल्या निकालाला अर्थ नाही. बहुतेक किट 30 अंशांच्या आत ठेवायची असतात. एप्रिलमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेलं किट सरळ फेकून द्या.

आणि पावसाळ्यात पुण्यात ताप आला, कोविडची पट्टी निगेटिव्ह आली, म्हणून 'व्हायरल असेल' म्हणत क्रोसिनवर दिवस काढू नका. डेंग्यू त्या पट्टीत दिसतच नाही. त्यासाठी एनएस1 ही डेंग्यूची टेस्ट करा, तीही रक्तातून आणि तापाच्या पहिल्या पाचेक दिवसांत.