आइनस्टाईनच्या आईवडिलांनी वाट बघितली नव्हती

आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो मेसेज या महिन्यात तिसऱ्यांदा आला. ‘मूल बोलत नाही म्हणून घाबरू नका. आइनस्टाईन चार वर्षांपर्यंत बोलत नव्हता. मुलगे उशिराच बोलतात. आवाजाला दचकतंय म्हणजे कान ठीक. थेरपी हा नुसता धंदा. पाच वर्षांपर्यंत थांबा, आपोआप बोलेल.’ खाली हात जोडलेल्यांची रांग. कोल्हापुरात विकासात मागे पडलेल्या लहान मुलांसोबत मी काम करते. मेसेजवर विसंबलेली मुलं चौथ्या-पाचव्या वर्षी माझ्याकडेच येतात, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

आधी आइनस्टाईन. त्याचा जन्म मार्च १८७९चा, बहीण मायाचा नोव्हेंबर १८८१चा. खेळायला बहीण येणार म्हणून सांगितलं होतं, तर बाळाला बघून त्यानं विचारलं, हिची चाकं कुठं आहेत? ही आठवण मायानंच लिहून ठेवली आहे. म्हणजे पावणेतीन वर्षांचा व्हायच्या आत गडी प्रश्न विचारत होता. बोलायला उशीर झाला होता हे खरं, आणि त्या काळजीनं आईवडिलांनी डॉक्टरांचा सल्ला घेतला होता, असं म्हातारपणी त्यानं स्वतःच पत्रात लिहिलंय. मेसेजवाल्यांनी हे तेवढं गाळलं.

मुलगे सरासरीनं थोडे मागे असतात, कबूल. पण तो फरक आठवड्यांचा, फार तर काही महिन्यांचा. दोन वर्षांच्या मुलानं ‘आई ये’, ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडायला हवेत, मुलगा असो की मुलगी. नसेल जोडत तर दाखवायचं.

कानाचा मुद्दा मात्र घातक आहे. कागलकडची एक आज्जी अडीच वर्षांच्या नातवाला घेऊन आली. ‘ताई, कान चांगलं हाईत की त्येचं. दार वाजलं की कसं दचकतंय बघा!’ मी पाठीमागून टेबलावर थाप मारली, पोरगं वळलं. मग ‘स्स’ केलं, ‘श्श’ केलं. ढिम्म. आवाजाला मेंदू कसा प्रतिसाद देतो ते मोजणाऱ्या बेरा चाचणीनंतर कळलं, खालच्या पट्टीतले जाड आवाज त्याला ऐकू येत होते, वरच्या पट्टीतले बारीक येत नव्हते. स, श, च, फ ज्याच्या कानात पोचतच नाहीत, त्याच्यापर्यंत निम्मे शब्द अर्धेच जाणार. जन्मल्यावर महिन्याच्या आत कानाची तपासणी, तीन महिन्यांत निदान आणि सहा महिन्यांत उपचार सुरू, असं वेळापत्रक या क्षेत्रात मानतात. हे पोरगं त्याला दोन वर्षं मागं पडलं होतं.

थांबलं तर आपोआप बोलेल? बरीच मुलं बोलतातही. प्रत्येक गल्लीत असा एक ‘आमचा बंड्या’ असतो. पण दोन वर्षांच्या दहा मुलांतला बंड्या कोण आणि कोणाचं नुकसान होतंय, हे तोंड बघून सांगता येत नाही. आणि येत असलेले शब्द गेले, हाक मारल्यावर वळायचं बंद झालं, तर एक आठवडाही थांबू नका.

धंद्याचा आरोप पूर्ण खोटा नाही, हे मीच सांगते. सहा महिन्यांचं पॅकेज, पैसे आगाऊ आणि आईला दाराबाहेर बसवायचं, अशी दुकानं आहेत. स्पीच थेरपिस्टला, विशेष शिक्षकाला आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी क्रमांक विचारा, रागावले तर उठून या. पण सरकारी सोयही आहे: मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ला आपल्याच पालघरातून सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, तपासणी फुकट. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका, एवढं जरी केलंत तरी पुष्कळ.

आणि थेरपीत असतं काय? त्या नातवासाठी आम्ही वापरली चिरमुऱ्यांची बरणी. झाकण घट्ट, बरणी त्याच्या हातात आणि मोठ्यांनी गप्प बसायचं. मी मनात दहा मोजायची, आज्जी तिसऱ्यालाच झाकण उघडायची. ‘रडतंय की वो!’ कानाला मशीन लागून तिसरा महिना चालू होता. पोरानं बरणी आज्जीच्या मांडीवर आपटली, तिच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणालं, ‘काs.’ काढ. आज्जी झाकण काढायचं विसरून माझ्याकडंच बघत बसली.