‘दुखणं मनात आहे’ म्हणे! मग गोळी बंद करायला का सांगता?

मावशी सकाळी भिंत धरून बाथरूमपर्यंत गेली. मळमळ, चक्कर, मान वळवली की “डोक्यात करंट बसतोय”. चार दिवस गोळी बंद होती. कारण हा फॉरवर्ड: ‘जुनाट अंगदुखी हा मनाचा खेळ. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे दुखणं खोटं. डॉक्टर गुपचूप वेडाच्या गोळ्या देतात, आजच बंद करा. सकारात्मक विचार करा.’

आधी गोळीचंच बघू, कारण खरा घात तिथेच झाला. तिची गोळी ड्युलोक्सेटिन. नैराश्यावर देतात, हे खरं. पण अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४ मध्ये मधुमेहामुळे होणाऱ्या नसांच्या दुखण्यावर, २००८ मध्ये फायब्रोमायल्जियावर (अंगभर सतत दुखत राहण्याचा आजार) आणि २०१० मध्ये जुनाट कंबरदुखी-सांधेदुखीवरही तिला मान्यता दिली. यात गुपचूप काय आहे? मेंदूतून मज्जारज्जूत उतरणाऱ्या काही नसा वेदनेचे निरोप वाटेतच दाबतात. त्यांना सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिन लागतं, आणि मूड सांभाळायलाही हीच रसायनं लागतात. म्हणून एकच गोळी दोन्हीकडे चालते. ती एकदम तोडली की मावशीचं झालं तसं होऊ शकतं. बंद करायचीच तर डॉक्टरांना विचारून, डोस हळूहळू उतरवत.

रिपोर्ट नॉर्मल म्हणून दुखणं खोटं? एमआरआयमध्ये मणक्यातली चकती झिजलेली दिसते आणि माणसाला काहीच दुखत नाही, असे लोक ढिगाने आहेत. उलटंही होतंच की. वेदनेवर काम करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना १९७९ पासून वेदनेला शारीरिक संवेदना आणि भावना असा एकत्र अनुभव म्हणते. २०२० च्या सुधारित व्याख्येसोबत तिने स्पष्टच लिहिलंय: दुखतंय असं माणूस म्हणाला, तर त्याचा मान राखा.

आता मनाचा संबंध. आहे, बाबा, मान्य! महिनोन्‌महिने दुखत राहिलं की झोप उडते, झोप उडाली की मन खचतं, आणि खचलेल्या मनाला तेच दुखणं जास्त जाणवतं. म्हणजे दोन्हीवर उपचार हवेत. यातून ‘खोटं’ कुठून निघालं?

सकारात्मक विचारांबद्दल काय बोलणार? रात्री तीनला कूस बदलता येत नसताना करून बघा.

मावशीने डॉक्टरांना फोन लावला, गोळी त्यांच्या सांगण्याप्रमाणे पुन्हा सुरू झाली. फोन ठेवल्यावर हळूच मला विचारलं, “म्हणजे मी वेडी नाही ना रे?” फॉरवर्ड पाठवणाऱ्यांनी या प्रश्नाचं उत्तर तिला स्वतः फोन करून द्यावं.